टाकीची किल्ली कोणाकडे?

आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी. कुलूप कशाला असं विचारलं तर उत्तरं ठरलेली आहेत. पोरं वर जाऊन सिगारेटी ओढतात, पतंगाच्या नादात कठड्यावर चढतात, आणि मग आवाज जरा खाली आणून, 'मुलीही जातात हो वर.' नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन मी अंधेरी पूर्वेच्या या इमारतीत आले. तेव्हापासून वर गेले होते ती दोनदा, दोन्ही वेळा कोजागरीला, सगळ्यांसोबत. आणि याच गच्चीवर, याच कुलपाआड, आम्हा अठ्ठावीस घरांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. सिमेंट काँक्रीटची, इमारतीच्याच वयाची, म्हणजे पंचेचाळीशी उलटलेली.

तुम्ही म्हणाल, स्त्री-प्रश्नाच्या अंकात टाकी कुठून आली? मलाही आधी तसंच वाटलं असतं. मी वस्तीत काम करते, बायकांच्या बैठका घेते, पाण्यासाठीचे अर्ज लिहून देते, त्यांना घेऊन वॉर्ड ऑफिसात जाते. पण घरी आल्यावर नळाला बांधलेलं फडकं सोडायचं, धुवायचं आणि परत बांधायचं, हे मी इतकी वर्षं एकही प्रश्न न विचारता करत होते. आधी सासूबाई करायच्या, मग मी करू लागले. फडक्यात दोन दिवसांत तपकिरी चिखल साठायचा. तो पाहून शिसारी यायची, राग मात्र यायचा नाही. राग यायला वेळ लागला.

३० नोव्हेंबर २०२३ ला सीप्झजवळ मेट्रो ६ च्या कामात वेरावली जलाशयाकडे जाणारी १८०० मिलिमीटरची जलवाहिनी फुटली, ते अंधेरी-जोगेश्वरीतल्या बायकांना आठवत असेल. पुढचे काही दिवस आमच्याकडे नळ कोरडे होते. टँकरच्या रांगेत कोण होतं ते सांगायची गरज नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या रात्रीचं. टाकी रिकामी होत होत तळाला गेली आणि नळातून पाणी यायचं थांबायच्या आधी जे आलं ते पाणी नव्हतं, टाकीचा तळ होता. काळपट, दाट, कुजक्या वासाचा. मी ती बादली मोरीत ओतली आणि पहिल्यांदा मनात आलं, हे इतकी वर्षं तिथेच होतं. वर चांगलं पाणी, खाली हे, आणि मध्ये आमची नशीबं.

तेवढं वाटून गेलं. पाणी परत आलं, फडकं परत बांधलं.

मग मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन मुलांना पाठोपाठ कावीळ झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा संपत आलेला. पाण्यातून पसरणारी कावीळ दोन प्रकारची, ए आणि ई. ए बहुतेक मुलांना होते आणि बरीही होते. ई मात्र गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती ई प्रकारचीच होती, दूषित पाण्यातून आलेली. आमच्या इमारतीतल्या मुलांची कावीळ ए निघाली. पण ते कळेपर्यंतचे दिवस काकूंनी कसे काढले ते मी पाहिलंय. दिवसाला वीस लिटर पाणी उकळायचं, गार करायचं, गाळायचं, मुलीच्या आंघोळीपासून चूळ भरण्यापर्यंत सगळं त्यातून. महिना दीड महिना पुरणारा सिलिंडर अठरा दिवसांत संपला.

कावीळ टाकीतूनच आली असं मी म्हणणार नाही. पाणी कुणी तपासलंच नव्हतं, तर सिद्ध काय होणार? पण काकू सरळ बाई. त्या सेक्रेटरींच्या दारात जाऊन म्हणाल्या, "मला टाकी बघायचीय. किल्ली द्या."

उत्तर आलं, "काकू, तुम्ही कशाला या वयात वर चढता? घरातल्या कोणा पुरुषमाणसाला पाठवा ना."

काका जाऊन बारा वर्षं झाली. सेक्रेटरी त्यांच्या अंत्ययात्रेत होते. काकूंनी तेवढी आठवण करून दिली, तर पुढचं वाक्य, "मग जावयांना पाठवा."

बारा वर्षं ही बाई दर महिन्याला सोसायटीचा मेंटेनन्स भरते. शेअर सर्टिफिकेटवर मात्र अजून काकांचंच नाव, कारण ट्रान्सफरचे कागद कुठल्या तरी सह्यांपाशी अडकले आहेत आणि ते सोडवायची घाई काकूंशिवाय कोणाला नाही. म्हणजे पैसे चालतात, सही चालत नाही. मेलेला माणूस सभासद आणि जिवंत बाई पाहुणी. माझं तरी काय वेगळं आहे? घर सासऱ्यांच्या नावावर, सभेची नोटीस सासऱ्यांच्या नावाने. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा मला "वहिनी, साहेबांना पाठवा" एवढंच ऐकायला मिळालं. साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला खालची सक्शन टाकी इमारतीच्या कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नव्हतं.

शेवटी वॉचमनला घेऊन आम्ही पाचजणी वर गेलो. वॉचमन रोज पंप चालू करायला आणि व्हॉल्व्ह फिरवायला जातोच, त्याच्याकडे किल्ली असते हे आम्हाला तेव्हा कळलं. वर जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. टाकीला चढायला शिडी नाही, विटांचे दोन थर रचलेले. दोन झाकणांपैकी एक तुटलेलं. त्याच्यावर कुठल्याशा निवडणुकीचा जुना फ्लेक्स पसरून वर दगड ठेवलेला, उमेदवाराचा हसरा चेहरा पाण्याकडे तोंड करून. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही. बाहेरच्या अंगाला प्लास्टर सुटून सळ्या दिसत होत्या, गंजून फुगलेल्या, आणि एका भेगेतून हातभर पिंपळ उगवलेला. पिंपळाचं मूळ भिंतीत शिरलं की भेग वाढतच जाते, वरून नुसता छाटून उपयोग नसतो. आत टॉर्च मारला. भिंतीला शेवाळ, पाण्यावर कबुतराची पिसं, तळाशी गाळ आणि दोन टेनिसचे बॉल.

बॉल पाहून आमच्यातली एकजण म्हणाली, "हा आमच्या सोहमचा. दोन वर्षांपूर्वी हरवलेला." आम्ही हसलो. मग कोणीच बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात माझी एक मैत्रीण, वस्तीत आरोग्याचं काम करते ती, ओ.टी.ची बाटली घेऊन आली. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे पाहायची ही सोपी परीक्षा खेड्यापाड्यातल्या आशाताईही करतात. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा मापदंड आहे. महापालिकेची लाइन जिथे सोसायटीत शिरते तिथलं पाणी पिवळं झालं. खालच्या टाकीतलं जेमतेम. माझ्या स्वयंपाकघरातलं, काकूंच्या स्वयंपाकघरातलं, काचेसारखं पांढरं. साठवलेल्या पाण्यात क्लोरीन कमी होतंच, पण गाळ आणि शेवाळ असेल तर ते घाण मारण्यातच संपून जातं. भांडुपला शुद्ध केलेलं पाणी आमच्या दारापर्यंत शुद्धच येत होतं. ते बिघडत होतं ते आमच्या कुलपाआड.

महापालिकेला यातून मोकळं सोडा असं नाही. मुंबईत चोवीस तास पाणी येत नाही, म्हणून तर टाकी लागते. पाणी ठराविक तासच सोडलं की उरलेला वेळ वाहिन्या रिकाम्या राहतात, आणि कुठे गळती असेल तर आजूबाजूचं गटारपाणी आत ओढलं जातं. त्यात कुणी थेट लाइनवर पंप लावला की आणखी. म्हणजे टाकी ही पालिकेच्या अपुऱ्या व्यवस्थेची किंमत आहे, आणि ती किंमत घरोघर वाटून दिलेली आहे. घरात ती कोणाच्या वाट्याला येते ते बघा.

टाकीची मालकी सोसायटीची, सोसायटी सभासदांची, सभासद बहुतेक पुरुष. पाणी मात्र बायकांचं काम. टाकी नादुरुस्त राहिली तर सोसायटीचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे कोण भरतं? फडकं धुणारी भरते, पाणी उकळणारी भरते, आजारी मुलासाठी रजा टाकणारी भरते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८, असं दिसलं. त्या २८९ मिनिटांत टाकीमुळे वाढलेली मिनिटं किती, ते कोणी वेगळं मोजलेलं नाही. आम्ही आमच्यापुरतं मोजलं. पाच घरांत आठवडाभर वहीत लिहिलं. फडकं, गाळणं, उकळणं, पिंप रिकामं करून घासणं, पाणी सोडायच्या वेळेला घरी असणं, सगळं मिळून दिवसाला पाऊण तासाच्या खाली एकही घर आलं नाही. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. पण ती वही सभेत ठेवल्यावर जी शांतता पसरली ती ऐकण्यासारखी होती.

सभेतला मुख्य मुद्दा मात्र वेगळाच निघाला. 'रिडेव्हलपमेंट होणारच आहे, मग टाकीवर खर्च कशाला?' अंधेरीत ज्या कोणी जुन्या इमारतीत राहतात त्या हे वाक्य ओळखतील. आमच्याकडे ते गेली अकरा वर्षं चाललंय. तीन बिल्डर येऊन गेले, चौथ्याशी बोलणं चालू आहे. अकरा वर्षांत पार्किंगचे पेव्हर ब्लॉक बदलले, गेटला नवा रंग झाला, सीसीटीव्ही बसले. त्या वेळी रिडेव्हलपमेंट आड आली नाही. टाकी तेवढी होणाऱ्या नव्या इमारतीची वाट बघत थांबली. आदर्श उपविधींप्रमाणे सार्वजनिक टाक्या, पंप आणि मुख्य पाइप यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते, आणि त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या निदान पाऊण टक्का रक्कम दर वर्षी दुरुस्ती निधीत जमा व्हायची असते. निधी होता. तो कशाला वापरायचा हे ठरवणाऱ्या खोलीत नळाला फडकं बांधणारं कोणी नव्हतं. समितीवर बायकांच्या राखीव जागा आहेत, आणि त्या कागदावर भरलेल्याही आहेत. दोघींच्या सह्या इतिवृत्त घरी पाठवून घेतल्या जातात. त्यातली एक मला म्हणाली, "यांनी सांगितलं इथे कर, मी केली."

आता थोडं आपल्याच घरात बघायचंय.

मैत्रिणींनो, पाण्याच्या लढ्याचा वारसा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. अंधेरीपासून तीन स्टेशनांवर गोरेगाव. तिथे मृणाल गोऱ्यांनी पाण्यासाठी इतका पाठपुरावा केला की लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हेच नाव दिलं. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या, लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. रेशन, तेल, रॉकेल, पाणी हे 'घरातले' विषय त्यांनी चव्हाट्यावर आणले. पण नळ आल्यावर काय झालं? आपला मोर्चा नळापाशी थांबला. नळ आला, मीटर लागला, पुढचं ते 'घरगुती'. आपण हिंसेबद्दल म्हणालो की घराचा उंबरठा ही सीमा आम्हाला मान्य नाही. पाण्याबद्दल मात्र ती सीमा आपण मानली. टाकी गच्चीवर होती, आणि गच्चीचं कुलूप आपल्याला दिसलंच नाही.

एका कार्यकर्तीने मला तोंडावर सांगितलं, "हा फ्लॅटवाल्यांचा प्रश्न आहे. वस्तीतल्या बाईला टाकी कुठली?" मी त्यावर बरेच दिवस विचार केला. वस्तीतल्या बाईला टाकी नाही, पिंप आहे. निळं प्लास्टिकचं, भंगारातून घेतलेलं, त्यात आधी कुठलं केमिकल भरलेलं होतं ते तिला कोणी सांगत नाही. घरात उभं राहायला जागा नसते तिथे दोनशे लिटरचं पिंप दाराशी असतं, आणि पावसाळा आला की पालिकेचे कर्मचारी टॉर्च घेऊन येतात. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात होतो आणि अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात हे खरं. आठवड्याला एकदा पिंप कोरडं करावं हेही खरं. पण पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेली बाई पिंप कोरडं करणार कशी? पिंप उलटं केलं जातं, पाणी गटारात जातं, आणि बोलणी तिला. मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी पाणी हक्क समितीच्या याचिकेत सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी देण्याचं धोरण महापालिकेने करावं. त्याला दहा वर्षं उलटून गेली, आणि आजही मी वस्तीत बसून नळजोडणीचे तेच अर्ज लिहिते.

मलेरियाचा डास तर टाकीचाच. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला तेव्हा त्यांचं बोट शहरातल्या विहिरींकडे होतं. विहिरी बुजवल्या, झाकल्या. डासाने बिऱ्हाड बदललं आणि तो गच्चीवर राहायला गेला. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३८१-ब खाली टाकी डासबंद ठेवायची नोटीस निघू शकते, आणि झाकण नीट बसतं का ते चढून पाहता यावं म्हणून शिडी असावी असा पालिकेचा आग्रह असतो. आमच्या सोसायटीलाही अशी नोटीस आलेली फाइलमध्ये सापडली. फाइलमध्येच होती.

म्हणून हा फ्लॅटवाल्यांचा किंवा झोपडीवाल्यांचा असा वेगळा प्रश्न नाही. आणि या दोन्ही घरांच्या मध्ये जी रोज ये-जा करते तिच्याबद्दल तर बोलायलाच हवं.

फ्लॅटमध्ये गच्चीवरच्या टाकीखेरीज आणखी एक टाकी असते, संडास-बाथरूमच्या वरच्या माळ्यावर. पूर्वी पत्र्याची असायची. ती पाण्याच्या रेषेवर आणि बुडाच्या जोडावर गंजत जाते, मग एम-सीलचे लिंपण एकावर एक चढतात. आता बहुतेक ठिकाणी काळी प्लास्टिकची. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन डोक्यावर असतं, चाळीस-पन्नास वर्षांच्या स्लॅबवर. हे कोणी धरत नाही. गणपतीच्या आधी किंवा दिवाळीत ती धुतली जाते. कोण धुतं? घरकामाला येणारी बाई. स्टुलावर स्टूल ठेवून ती माळ्यावर चढते, कमरेपर्यंत आत वाकते, हाताने गाळ काढते, बादल्या खाली देते. आमच्या घरकामगार गटातली एकजण अशीच पडली आणि तिचा हात दोन ठिकाणी मोडला. सात आठवडे काम बंद. घरच्या बाईने प्लास्टरचे पैसे दिले, खाडे मात्र कापले. टाकी धुण्याचे वेगळे पैसे? 'ते दिवाळीच्या बोनसात आलंच की.' २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण माळ्यावरच्या टाकीपाशी त्याची ओळख अजून व्हायची आहे.

आणि हेही लिहायलाच हवं. ज्या घरांत बाईसाठी चहाचा कप वेगळा असतो, पिण्याच्या माठाला तिचा हात लागलेला चालत नाही, त्याच घरांत टाकीत अर्धं अंग घालून ती घासायला तीच चालते. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तहान हा मुद्दा नव्हता, पाण्याला कोणी हात लावायचा हा होता. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये तो आजही शिल्लक आहे, फक्त बोलला जात नाही. आणि हे सांगताना मी दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाहीये. माझ्या घरची टाकी गेल्या दिवाळीपर्यंत कोण धुवत होतं? मी नव्हे, माझा नवराही नव्हे.

मोठ्या टाक्यांत पुरुष उतरतात, आणि मरतात. ९ मार्च २०२५ ला नागपाड्यात एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीची भूमिगत टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. पिण्याच्या पाण्याची टाकी म्हणून कोणाला भय वाटत नाही. पण बंद राहिलेल्या टाकीतली हवा सडू शकते, प्राणवायू संपलेला असू शकतो, आणि एकाला वाचवायला दुसरा उतरतो तोही जातो. २०१३ चा कायदा गटारं आणि सेप्टिक टँकबद्दल बोलतो, पाण्याच्या टाकीबद्दल नाही. त्यांच्यामागे राहिलेल्या बायकांना कुठल्या कायद्याने काय मिळतं हा वेगळा लेख होईल.

आमच्याकडे टाकी शेवटी साफ झाली. सभेत नाही ठरली. काकूंनी मेंटेनन्सचा चेक सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याबरोबर टाकीचे सहा फोटो आणि ओ.टी.च्या तीन नळ्यांचा एक फोटो लावून वॉर्ड ऑफिसला पाठवायच्या अर्जाची प्रत ठेवली. अकरा बायकांच्या सह्या होत्या. चार दिवसांत माणसं आली. कंत्राटदाराने दोन पोरं पाठवली होती, विशीच्या आतबाहेरची, अनवाणी. त्यांनी उघड्या वायरवर बल्ब लटकवून तो ओल्या टाकीत सोडायची तयारी केली तेव्हा आम्ही काम थांबवलं. झाकणं उघडी ठेवून टाकी अर्धा दिवस हवेला सोडली, वर पंखा लावला, बॅटरीचा दिवा मागवला, एकाच्या कमरेला दोर आणि दुसरा बाहेर, असं करायला लावलं. कंत्राटदार वैतागला. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधी सफाई मागता आणि मग सफाई करू देत नाही." गाळ अकरा गोण्या निघाला. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी, परत धुणं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातली नळी पहिल्यांदा पिवळी झाली. सळ्या मात्र तशाच आहेत, पिंपळ नुसता कापलाय. टाकी नव्याने बांधायची की प्लास्टिकच्या टाक्या बसवायच्या, आणि त्यांचं वजन या स्लॅबला झेपेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारायला हवं. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी कायद्यानेच करून घ्यायची असते, तीही आमच्याकडे कागदोपत्रीच झालेली आहे. ते भांडण पुढचं.

गच्चीची किल्ली आता तळमजल्यावर जिन्याखालच्या खिळ्याला असते. शेजारी वही. वर जाणाऱ्याने नाव, वेळ आणि काम लिहायचं. पहिल्या महिन्यात झाकण बघायला, वाळवण घालायला, कपडे सुकवायला अशा बायकाच बायका. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी कामाच्या रकान्यात लिहिलंय, 'बसले.'

काकूंचे ट्रान्सफरचे कागद आता हलले आहेत. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा व्हायलाच हवी. तिच्या आधी आमच्यापैकी सातजणी सहयोगी सभासदत्वाचे अर्ज देत आहेत. टाकी कधी धुतली, कोणी धुतली, पुढे कधी धुवायची याचा फलक दाराशी लागावा हा ठराव आम्ही मांडणार आहोत. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, निदान एवढं तरी.

आणि घरकामगार गटाच्या पुढच्या बैठकीत दरपत्रकावर एक नवी ओळ येणार आहे: माळ्यावरची टाकी धुणे, वेगळा दर, आणि शिडी घरवाल्यांची. दर किती असावा यावर अजून एकमत नाही. काहीजणींचं म्हणणं, दर ठरवायचाच नाही, हे काम आपलं नाही असं सरळ सांगायचं. ज्यांच्या गटांनी असं काही केलं असेल त्यांनी आम्हाला जरूर कळवावं.